फिनिक्स री कोण होती?

मंडळी, आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. नगरपालिका, पाणी, खड्डे यांना आजच्या दिवस सुट्टी. म्हणजे अगदीच सुट्टी नाही, कारण सुरुवात तिथूनच आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या गावात एका बागेचं उद्घाटन झालं. कार्यक्रम आटोपल्यावर मी मुद्दाम मागे थांबलो आणि कोनशिला पूर्ण वाचली. एकोणीस नावं. 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या प्रयत्नातून', 'प्रमुख उपस्थिती', मग स्वागतोत्सुक. त्यात दोघं तर कार्यक्रमाला आलेही नव्हते. भिंत कोणी बांधली, कारंजं कोणी बसवलं, झाडं कोणी लावली, यातलं एकही नाव दगडावर नाही. मला यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. वीस वर्षं 'आमच्या प्रतिनिधीकडून' या नावाखाली बातम्या लिहिल्या की बिननावाच्या कामाची सवय होते. पण त्याच रात्री दुसरीकडे एक नामावली वाचली आणि डोक्यात चक्र सुरू झालं.

ती नामावली एका जुन्या जपानी व्हिडिओ गेमची. नाव 'फँटसी स्टार'. हसू नका. वयाच्या चाळिशीनंतर गेम खेळतो म्हणून घरात आधीच पुरेशी थट्टा झाली आहे. भाच्याने दिवाळीत स्वतःचं निन्टेंडो स्विच माझ्याकडे ठेवलं होतं, त्यात हा गेम होता. रात्री बातम्या पाठवून झाल्या की तासभर, असं करत दोनेक महिन्यांत संपवला. शेवटी पडद्यावर नावं सरकू लागली. पत्रकाराची खोड, मी ती वाचत बसलो. 'ओसाले कोहता'. 'मूऽऽ युजी'. संगीत, 'बो'. आणि 'फिनिक्स री'.

ही काय नावं झाली? माणसांची आहेत की तमाशातल्या सोंगाड्यांची? मग शोधत गेलो.

आधी गेमबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

साल १९८७. जपानमध्ये घराघरांत निन्टेंडोचा फॅमिकॉम. १९८३ ला आलेला तो डबा टीव्हीला जोडायचा आणि मुलांनी त्याला चिकटून बसायचं. १९८६ च्या मे महिन्यात एनिक्स नावाच्या कंपनीने त्यावर 'ड्रॅगन क्वेस्ट' आणला आणि तिथल्या पोरांना नव्या प्रकारच्या खेळाचं वेड लागलं. याला आरपीजी म्हणतात. यात उड्या मारायच्या नसतात, गोळ्या चुकवायच्या नसतात. एक पात्र घ्यायचं, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, लढायांतून हळूहळू ताकद वाढवायची आणि एक लांबलचक गोष्ट जगायची. आपल्या भाषेत सांगायचं तर हातात रिमोट असलेली कादंबरी. मूळ कल्पना अमेरिकन. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन्ही १९८१ चे कॉम्प्युटर गेम. जपान्यांनी ती सोपी केली, गोड केली आणि घरात आणली.

सेगा ही निन्टेंडोची प्रतिस्पर्धी कंपनी. तिचा डबा होता मार्क थ्री, परदेशात त्यालाच मास्टर सिस्टीम म्हणत. यंत्र म्हणून फॅमिकॉमपेक्षा सरस, रंग जास्त, चित्रं चांगली. पण बाजार निन्टेंडोच्या मुठीत. बाहेरच्या कंपन्या सेगासाठी गेम करायला जवळजवळ तयारच नसत. म्हणजे ड्रॅगन क्वेस्टसारखं काही हवं असेल तर सेगाने ते स्वतःच करायचं. तसंच झालं. कंपनीतल्याच तरुण पोरापोरींची एक छोटी तुकडी बसली आणि २० डिसेंबर १९८७ ला 'फँटसी स्टार' जपानच्या दुकानांत आला. योगायोग बघा, त्याच्या दोनच दिवस आधी, १८ डिसेंबरला, फॅमिकॉमवर 'फायनल फँटसी' नावाचा गेम आला होता. तो पुढे जगभर गाजला. हा त्या मानाने मागे पडला. एकाच आठवड्यात दोन सिनेमे लागले की एकाचं जे होतं ते.

पण मागे पडलेल्याने धाडस जास्त केलं होतं, असं माझं मत. तोवरचे हे खेळ म्हणजे किल्ले, राजे, ड्रॅगन आणि तलवारी. 'फँटसी स्टार' घडतो एका दुसऱ्याच सूर्यमालेत. अल्गोल हा तारा आणि त्याचे तीन ग्रह: हिरवागार पाल्मा, वाळवंटी मोटाविया, बर्फाळ डेझोरिस. इथे तलवारीही आहेत आणि लेझर बंदुकाही. गुहेत मेड्युसा आहे आणि गावाच्या वेशीवर रोबोट पोलीस. मंत्र म्हणणारा जादूगार अंतराळयानात बसून प्रवास करतो आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. 'स्टार वॉर्स'ची सावली दिसते, पण ही नुसती नक्कल नाही. आपल्याला तर यात नवल वाटायचं कारणच नाही. पुष्पक विमान आणि ब्रह्मास्त्र एकाच कथेत ऐकत वाढलेली माणसं आपण.

गोष्ट अशी. लॅसिक नावाचा राजा. पूर्वी बरा होता. मग अमर करण्याचं आमिष दाखवणाऱ्या एका नव्या पंथाच्या नादी लागला आणि जुलमी झाला. नीरो नावाचा तरुण त्याच्या विरोधात माहिती काढत फिरतो. गेम सुरू होतो तोच त्याच्या मरणाने. रोबोट पोलीस त्याला भर रस्त्यात मारून टाकून जातात, वर धमकी देऊन. त्याची बहीण ॲलिस धावत येते. भाऊ तिच्या मांडीवर जीव सोडतो. ती त्याची तलवार उचलते आणि निघते.

बहीण. इथे थांबा जरा. १९८७ मध्ये व्हिडिओ गेममधल्या बाईचं काम काय असायचं, तर पळवली जाणं. राजकन्येने शेवटच्या किल्ल्यात वाट बघायची आणि हिरोने यायचं. आदल्या वर्षीच्या 'मेट्रॉइड' मध्ये चिलखतातला लढवय्या बाई आहे हे खेळणाऱ्याला अगदी शेवटी कळायचं, गुपित फोडल्यासारखं. ॲलिस पहिल्या मिनिटापासून ॲलिस आहे. पुढे तिला ओडिन नावाचा पिळदार शरीराचा योद्धा भेटतो, जो एरवी कुठल्याही गेमचा हिरो ठरला असता. हा गडी मेड्युसाला मारायला गेला आणि स्वतःच दगड होऊन बसला. त्याला सोडवतं कोण? ॲलिस आणि एक मांजर. मांजराचं नाव म्यॉ, ते बोलतं, आणि औषधाची बाटली त्याच्याकडे असते. ते मांजरही ॲलिसने एका व्यापाऱ्याकडून भांड्याच्या बदल्यात घेतलेलं. बोहारणीचा व्यवहार अंतराळातही चालतो तर!

मला सर्वांत आवडलेला भाग मात्र वेगळाच. ॲलिसला मोटावियाच्या गव्हर्नरला भेटायचंय. जुलमी राजाविरुद्ध मदत मागायला. तर पहारेकरी सांगतात, भेटवस्तू आणल्याशिवाय साहेब भेटत नाहीत. आणि साहेबांना काय आवडतं? शॉर्टकेक. मग ही मुलगी दुसऱ्या ग्रहावरच्या एका भयाण गुहेत उतरते, राक्षसांशी लढत तळाशी जाते, आणि त्या तळाशी चक्क एक केकचं दुकान आहे. तिथून केक विकत घ्यायचा, परत यायचं, साहेबांना द्यायचा. त्यानंतर साहेब तिला एक पत्र देतात. ते पत्र दाखवलं की नोआ नावाचा जादूगार तिच्यासोबत यायला तयार होतो. शिफारसपत्र! आता मला सांगा, हा गेम ज्यांनी केला त्यांनी कधीतरी सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या असणार की नाही?

शेवट सांगून टाकतो, गेम जवळपास चाळीस वर्षांचा आहे, आता कसलं गुपित. राजाला मारल्यावर गोष्ट संपत नाही. परत गव्हर्नरच्या वाड्यावर आलं की वाड्याखालच्या अंधारात खरा शत्रू निघतो. राजा नुसता मुखवटा होता.

एवढं सगळं किती जागेत बसवलं असेल? चार मेगाबिट, म्हणजे ५१२ किलोबाइट. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे 'शुभ सकाळ'चे दोन-चार फोटो एवढी जागा खातात. त्या काळात मात्र घरगुती गेमसाठी हे माप भलतंच मोठं होतं, आणि कॅसेट महाग. गुहांमध्ये चालताना भिंती डोळ्यांसमोर सरकत मागे जातात, वळणं येतात, जणू आपण स्वतः आत आहोत. हे काम युजी नाका या प्रोग्रामरचं. हाच तो 'मूऽऽ युजी'. पुढे १९९१ मध्ये 'सॉनिक'च्या टीममध्ये हाच होता, आणि खूप पुढे, २०२३ मध्ये, आतल्या माहितीवर शेअर घेतल्याबद्दल टोकियोच्या न्यायालयाने दोषी ठरवलेलाही हाच. आयुष्य मोठं असतं. असो.

त्या गुहांचे नकाशे तेव्हाची पोरं आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढायची. मी खेळलो त्या नव्या आवृत्तीत नकाशा आपोआप निघतो, त्यामुळे मी फुशारकी मारणार नाही. खेळ जपून ठेवायला कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी होती. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये तीही सोय नव्हती, लांबलचक सांकेतिक अक्षरं वहीत उतरवून ठेवावी लागत. आणखी एक गोष्ट. लढाईत 'बोला' असा एक पर्याय आहे. काही राक्षसांशी बोललं की ते लढत नाहीत, कधी कामाची माहिती देऊन निघून जातात. आपल्या सर्वसाधारण सभेत हा पर्याय अजून आलेला नाही.

आता नावांकडे येतो.

त्या काळात जपानी कंपन्यांचा दंडक असा की गेमच्या नामावलीत कर्मचाऱ्याने खरं नाव द्यायचं नाही. एक तर नाव नाहीच, नाहीतर टोपणनाव. कारण सरळ धंद्याचं. चांगलं काम कोणी केलं हे बाहेर कळलं तर दुसरी कंपनी त्याला पळवेल. सेगाच नाही, इतर मोठ्या कंपन्याही हेच करत. अमेरिकेत अटारीची तऱ्हा वेगळी नव्हती. तिथल्या काही प्रोग्रामरांनी श्रेय आणि पैसे या दोन्हींवरून वैतागून १९७९ मध्ये बाहेर पडून ॲक्टिव्हिजन काढली. वॉरेन रॉबिनेट नावाच्या पठ्ठ्याने तर 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली करून आपलं नाव तिथे लिहून ठेवलं. कंपनीला पत्ता नाही. एका खेळणाऱ्या मुलाला ती खोली सापडली तेव्हा कळलं.

जपानमध्ये बहुतेकांनी गुप्त खोली केली नाही. टोपणनाव घेतलं आणि कामाला लागले. 'ओसाले कोहता' म्हणजे कोतारो हायाशिदा, या गेमची आखणी त्याची. 'बो' म्हणजे तोकुहिको उवाबो, संगीतकार. आणि 'फिनिक्स री' म्हणजे रिएको कोदामा.

रिएको कोदामा १९८४ मध्ये सेगात लागली. वय विशीच्या आसपास, काम चित्रं काढण्याचं. तेव्हा चित्र म्हणजे एकेक चौकोनी ठिपका बसवणं, भरतकामासारखं. या क्षेत्रात बाया हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. 'चॅम्पियन बॉक्सिंग' पासून सुरुवात, मग 'निन्जा प्रिन्सेस', 'ॲलेक्स किड'. आणि मग 'फँटसी स्टार', ज्यात चित्रांची मुख्य जबाबदारी तिच्याकडे. ॲलिसचा चेहरा, ओडिनचे खांदे, लढाईमागचं ते निळं आकाश, जंगल, समुद्रकिनारा, हे तिच्या हातचं. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, दुसरा भाग आला. त्यात मोटावियाचं वाळवंट हिरवं झालंय कारण एक महासंगणक हवापाणी सगळं सांभाळतो, आणि लोक इतके निवांत झालेत की तो बिघडल्यावर काय करायचं ते कोणाला ठाऊक नाही. १९९३ मध्ये चौथा भाग आला तेव्हा कोदामा दिग्दर्शक होती. २००० मध्ये 'स्काइज ऑफ आर्केडिया', त्याची ती निर्माती. मधे सॉनिकच्या पहिल्या गेमसाठीही तिने चित्रं काढली.

लाखो पोरांनी ॲलिस पाहिली, पण ती काढणाऱ्या बाईचं खरं नाव गेममध्ये कुठे नव्हतं.

नावांची आणखी एक गंमत आहे, की गफलत म्हणू. गेम इंग्रजीत नेताना पात्रांची नावं बदलली. जपानीत ॲलिस ही 'अलिसा' आहे, ओडिन 'टायलॉन', आणि नोआ हा 'लुत्झ'. पुढच्या भागात हजारेक वर्षांनंतर लुत्झ पुन्हा येतो. जपानी पोरांना लगेच ओळख पटली, अरे हा तर आपला! इंग्रजीत खेळणाऱ्यांना मात्र तो कोणीतरी नवाच माणूस वाटला. एक नाव बदललं आणि हजार वर्षांचा धागा तुटला. भाषांतर करणाऱ्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावं.

याच्या उलट ब्राझीलचं उदाहरण. तिथे बाहेरच्या इलेक्ट्रॉनिक मालावर कडक बंधनं होती, म्हणून टेकटॉय नावाच्या देशी कंपनीने सेगाशी करार करून मास्टर सिस्टीम तिथेच बनवायला घेतली. नुसता डबा विकून त्या थांबल्या नाहीत. १९९१ मध्ये त्यांनी 'फँटसी स्टार' पूर्ण पोर्तुगीजमध्ये आणला. त्याच वर्षी सेगाचा दुसरा एक गेम घेऊन त्यातल्या योद्ध्याच्या जागी तिथल्या मुलांची लाडकी कॉमिक्समधली मोनिका बसवली. ब्राझीलमधल्या एका पिढीने ॲलिसची गोष्ट आपल्या घरच्या भाषेत वाचली. मास्टर सिस्टीम जगात इतरत्र केव्हाच विसरली गेली, ब्राझीलमध्ये ती दशकानुदशकं विकली जात राहिली.

आपल्याकडे काय होतं? माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. नव्वदीतला तो टीव्ही गेम, नक्कल केलेला फॅमिकॉम, आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट, ज्यात खरे गेम वीस. मारिओ, काँट्रा, टँकवाला. तालुक्याच्या ठिकाणी तासावर पैसे घेऊन खेळू देणारी दुकानं. त्यात आरपीजी कधी दिसला नाही. एक तर त्या स्वस्त कॅसेटमध्ये खेळ जपायला बॅटरी नसायची, आणि तासाच्या भाड्यात तीस-चाळीस तासांची गोष्ट कोण संपवणार? पण मोठं कारण भाषेचं. काँट्राला वाचावं लागत नाही. ॲलिसची गोष्ट वाचावी लागते, तीही इंग्रजीत. आम्हा मराठी शाळेतल्या पोरांसाठी तो दरवाजा बंदच होता. पोर्तुगीजमध्ये झालं ते मराठीत करावं असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल, आणि आता कोणाच्या मनात आलंय असं माझ्या तरी पाहण्यात नाही. मराठी भाषेच्या नावाने मेळावे घेणाऱ्यांपैकी कोणी ही पोस्ट वाचत असेल तर विषय देऊन ठेवतोय.

भाच्याच्या यंत्रावरची ती आवृत्ती २०१८ ची, 'सेगा एजेस' या मालिकेतली. जुने गेम जसेच्या तसे जपून नव्या यंत्रांवर आणायची ही मालिका. तिची प्रमुख निर्माती कोण, तर रिएको कोदामा. चोवीस-पंचवीसाव्या वर्षी केलेलं काम पन्नाशी ओलांडल्यावर स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा बाहेर काढलं, या वेळी खऱ्या नावाने. नकाशा आपोआप निघायची ती सोयही तेव्हाचीच. २०१९ मध्ये अमेरिकेत गेम बनवणाऱ्यांच्या पुरस्कार सोहळ्यात तिला 'पायोनियर' पुरस्कार मिळाला.

२०२२ च्या ऑक्टोबरात सेगाने जपानमध्ये आपल्या जुन्या यंत्राची एक छोटी नवी प्रत काढली, मेगा ड्राइव्ह मिनी २. तीन पिढ्यांचे चाहते तुटून पडले. त्यात काही असेही असतात, माझ्यासारखे, जे शेवटची नामावली वाचतात. तिथे एक ओळ होती. हे यंत्र रिएको कोदामा यांच्या स्मृतीस अर्पण, अशा अर्थाची. कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. विचारणा सुरू झाली, तेव्हा सेगातल्या तिच्या सहकाऱ्याने दुजोरा दिला. ९ मे लाच ती गेली होती. वय ५८. पाच महिने झाले होते.